चौदा नंबरची धास्ती

अळी पान खाते तेव्हा होणारा आवाज. माणसाच्या कानाला तो ऐकू येत नाही. पानाला येतो.

०

कागदाला पाय लागला की वाकून त्याला हात लावायचा आणि तो हात कपाळाला न्यायचा. हे मुलांना कुणी शिकवत नाही. ती मोठ्यांचं बघतात.

०

घाटाच्या तोंडाशी एक गाडी थांबते. गाडीतला माणूस टोपलीतली सगळ्यात मोठी, सगळ्यात लाल स्ट्रॉबेरी उचलतो, अर्धी खातो आणि तोंड बाजूला करून थुंकतो. मग हातातली उरलेली अर्धी निरखून बघतो. कीड नाही. डाग नाही.

०

इयत्ता चौथीच्या पुस्तकाच्या मागच्या बाजूला, किमतीच्या वर, बारीक अक्षरांत: ‘या पुस्तकाची शाई पूर्णपणे वनस्पतिजन्य असून गुरांनी खाल्ल्यास अपाय होत नाही.’

०

हिरड्याच्या रसात लोखंडाचा अंश मिसळला की काळं होतं. बोरूनं लिहिणाऱ्यांनाही हे माहीत होतं. किती काळं होणार, ते झाडावर अवलंबून असतं.

०

या पाच गोष्टी २०६३ सालच्या जानेवारीत आंबरूळ गावच्या एका वाफ्यात एकत्र आल्या.

आंबरूळ पाचगणीच्या पठाराखाली आहे. गावात स्ट्रॉबेरी पिकते आणि घरोघरी पुस्तकं आहेत. शहरातली माणसं सुट्टीत यायची, कुणाच्याही पुढच्या खोलीत बसून हवं ते वाचायची आणि निघताना फळांची पेटी घेऊन जायची. पंकजआप्पा राजपुरे यांची पुढची खोली त्यातली सगळ्यात भरलेली. पुस्तकं आप्पांची आणि शेत रेश्माकाकूंचं, अशी त्या घरातली वाटणी होती. काकूंनी तरुणपणी दोन जातींचा संकर करायला घेतला, तेरा वेळा फसला, आणि चौदाव्या खेपेला जे रोप आलं त्याला गाव ‘चौदा नंबर’ म्हणायला लागलं. फळ लहान, सालीला नाजूक, फार लांब जाणारं नाही. पण चौदा नंबर खाल्लेला माणूस पुढच्या वर्षी पत्ता विचारत येत असे. ही जात दुसरीकडे कुठे नव्हती. स्ट्रॉबेरीचं रोप बियांनी वाढवत नाहीत. मूळ रोपाला दोऱ्यासारखे फुटवे येतात, त्यांना जमिनीत मुळं धरू देतात आणि तेच पुढच्या वर्षीचं रोप. म्हणजे काकूंच्या शेतात जे होतं तेवढंच जगात होतं.

त्या वर्षी चौदा नंबर कडू झाला.

०

“खाऊन बघ,” रेश्माकाकू म्हणाल्या.

ओवी शेलार शाईच्या कारखान्यातली रसायनतज्ज्ञ होती. वाफ्यांवर अंथरलेल्या छापील कागदात काहीतरी आहे, अशी काकूंची तक्रार आधी छापखान्यात गेली आणि छापखान्यानं ती शाईवाल्यांकडे ढकलली. म्हणून ती आली होती. तिनं फळ तोंडात टाकलं. आधी गोडसर लागलं, मग जिभेच्या दोन्ही कडा आवळल्यासारख्या झाल्या आणि घशाशी कडू उतरलं.

“कारल्याला लाल रंग लावून विकतोय आम्ही,” पंकजआप्पा बांधावरून म्हणाले. “मधुमेहवाले तेवढे खूश आहेत.”

“तुम्ही जरा गप बसा. ही बघ, ही शेवटची ओळ. हिला कागद पुरला नाही म्हणून गवत घातलं. आता हिचं खा.”

ओवीनं शेवटच्या ओळीतलं फळ खाल्लं. ते गोड होतं. ती जराशी थांबली आणि न विचारता दुसरं तोडलं.

“बघ,” काकू म्हणाल्या.

स्ट्रॉबेरीच्या वाफ्यावर आच्छादन घालावं लागतं, म्हणजे फळ मातीला टेकत नाही आणि तण माजत नाही. पूर्वी प्लास्टिकचा कागद असे. त्यावर बंदी आल्यावर गावानं वाईच्या एका छापखान्यातून बाद झालेले कागद आणायला सुरुवात केली. एका बाजूनं छापताना काही बिघडलं की तो ताव फुकट जातो; दुसरी बाजू कोरीच असते. शाई झाडांपासून केलेली, तेव्हा मातीत कुजली तरी हरकत नाही, असं कारखान्यानंच सांगितलं होतं. ते सांगणाऱ्या पत्रकाचा मजकूर ओवीनं लिहिला होता.

तिनं वाकून एका तावाचं टोक उचललं. वरची बाजू पांढरी. खालच्या बाजूला, ओल्या मातीला चिकटलेला, चौथीच्या पुस्तकाचा ठळक काळा मजकूर. घडी न घातलेला ताव, त्यामुळे पान तीनच्या शेजारी पान सहा, आणि दोनचं डोकं तीनच्या डोक्याला टेकलेलं.

“उलटा का अंथरलाय?”

काकूंना प्रश्नच कळला नाही. “उलटा कुठं?”

“अक्षरं खाली आलीत.”

“मग काय वर ठेवू? दिवसभर बायका वाफ्यांतून ये-जा करतात. अक्षरांवर पाय द्यायचा?”

“सगळ्या गावानं असंच घातलंय?”

“सांगायला लागतं का ते कुणाला,” आप्पा म्हणाले.

ओवी तिथेच बांधावर बसली.

०

खनिज तेलाच्या शाया बंद झाल्या तेव्हा रंगीत छपाईचं फारसं अडलं नाही. पिवळा, तांबडा, निळा झाडांतून मिळत होता. अडलं ते काळ्याचं. तेलाची काजळी गेली आणि तिच्या जागी हिरड्याचा रस, लोहक्षार आणि जवसाचं तेल आलं. त्यातून जी शाई झाली ती करडी होती. पुस्तकं निवडणाऱ्या समितीनं ती डोळ्यांपासून हातभर लांब धरली आणि मुलांना वाचता येणार नाही असा शेरा मारला.

हिरड्यातला काळेपणा येतो तो त्यातल्या तुरट-कडू द्रव्यामुळे. झाड ते द्रव्य माणसाच्या शाईसाठी बनवत नाही. ते कुणी आपल्याला खाऊ नये म्हणून बनवतं. अळी लागली की जास्त बनवतं. आणि अळी लागली हे त्याला जसं जखमेवरून कळतं तसंच पानातून जाणाऱ्या बारीक थरथरीवरूनही कळतं. ओवीनं याचा उपयोग केला. कारखान्याच्या हिरडबनात प्रत्येक फांदीला तिनं कंपक बसवले. कंपक म्हणजे नाण्याएवढी थरथरणारी चकती. अळी पान कुरतडते तेव्हाची नेमकी थरथर त्या चकत्या दिवसभर फांदीत सोडत राहतात. अळी एकही नाही. झाडं मात्र आपण खाल्ले जात आहोत अशाच तयारीत राहतात आणि फळाफळात तुरट द्रव्य साठवतात. त्या हिरड्यांची शाई काळीभोर झाली.

अशा वेळी झाड आणखी एक गोष्ट करतं. ते हवेत आणि मुळांवाटे मातीत एक द्रव्य सोडतं. शेजारच्या झाडाला ते पोचलं की तेही तयारीला लागतं. ओवीच्या प्रयोगशाळेत त्याला ‘भयरस’ म्हणत. भयरसाचा अगदी थोडा अंश शाईत उतरतो हे तिला माहीत होतं. तो मोजून, माणसाला आणि गुरांना निर्धोक आहे असं ठरवून, तिनं तो विषय मिटवला होता. शाई पुस्तकात जाते. पुस्तकं झाडं वाचत नाहीत.

०

“म्हणजे भ्यालीत ती,” काकू म्हणाल्या.

“भ्यालीत असं नाही म्हणता येणार. झाडाला मन नसतं, काकू. एक रसायन आलं, त्यानं दुसरं रसायन चालू केलं, एवढंच.”

“लहान पोराला धास्ती बसते तेव्हा तरी आत काय होतं?”

आप्पा मातीतून उचललेला ताव वाचत होते. “इथं ‘आपला परिसर’ म्हणून धडा आहे,” ते म्हणाले. “झाडांना काय कळतंय त्यातलं?”

“धडा कोणताही असू दे. झाडापर्यंत पोचतं ते एकच. आम्हाला खातायत.”

“पान दोनवर पण तेच?”

“सगळ्या पानांवर तेच.”

आप्पांनी ताव खाली ठेवला. अक्षरं खाली करूनच ठेवला.

“अक्षरं वर असती तर?” काकूंनी विचारलं.

ओवीला हे सांगायचं नव्हतं. “उन्हात भयरस दोन दिवसांत विरून जातो. अक्षरं वर असती तर काहीच झालं नसतं.”

काकूंनी वाफ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाल्या, “बरं. आता कागद काढला तर?”

“काढाच. पण ज्यांनी एकदा धास्ती घेतली ती रोपं लवकर सोडणार नाहीत. त्यांच्या फुटव्यांतही ती उतरेल. आणि गोड ओळ आहे ना, तिला या शेजारणी सांगत राहणार. महिन्याभरात तीही जाईल.”

“मग तिचे फुटवे आजच काढते. ठेवू कुठं, ते सांग.”

“जिथं छापलेलं काही नाही अशा ठिकाणी,” ओवी म्हणाली, आणि असं ठिकाण कुठलं हे तिला स्वतःलाच सुचेना.

०

फुटवे कुंड्यांत लावून ओसरीवर ठेवले. ओवीनं तपासायला पट्ट्या दिल्या होत्या. साधा कागद, लोहक्षारात बुडवून वाळवलेला. पानाचा थेंबभर रस त्यावर लावायचा. तुरट द्रव्य नसेल तर पट्टी तशीच राहते, असेल तर काळी पडते. म्हणजे शाई जशी होते तशीच, फक्त थेंबभर.

तिसऱ्या आठवड्यात पट्टी काळी पडली.

ओसरीच्या भिंतीपलीकडे आप्पांची पुस्तकांची खोली होती. मिटलेल्या पुस्तकात ऊन जात नाही. जुनी पुस्तकं तेलाच्या शाईची, निरुपद्रवी. पण फाटली तसतशी आप्पांनी बहुतेकांची नवी आवृत्ती आणली होती.

“रोपं दुसरीकडं नेऊ,” आप्पा म्हणाले.

“कुठं? गावात एक घर दाखवा पुस्तकांशिवाय.”

“तुझ्या माहेरी?”

“तिथं दादाचं किराण्याचं दुकान आहे. पुडा पुडा छापलेला.”

आप्पा खोलीत गेले. बराच वेळ कपाटांची दारं उघडल्या-मिटल्याचे आवाज येत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, “खालच्या वाडीतली शाळा बंद पडलीय. तिथं दोन खोल्या आहेत. पुस्तकं मांडतो आणि मीही तिथंच राहतो.”

“तुम्ही कशाला? पुस्तकं नेऊन ठेवा आणि या की परत.”

“कुणी वाचायला आलं तर दार कोण उघडणार?” ते थांबले. “आणि वाचल्याशिवाय मला झोप येत नाही, हे तुला ठाऊक आहे. येत जाईन मी जेवायला.”

काकूंनी त्यांना अडवलं नाही. त्यांनी अडवावं अशी आप्पांची अपेक्षा होती की नव्हती, ते दोघंही पुढे कधी बोलले नाहीत.

०

काकूंनी घरातलं सगळं छापलेलं बाहेर काढलं. भिंतीवरचं कॅलेंडर, औषधांची खोकी, मसाल्यांचे पुडे, देवघरातली आरत्यांची पुस्तिका. आरत्या पाठ होत्या. गोळ्या त्यांनी बाटल्यांत ओतून बाटल्यांना वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधले. लग्नाचं आमंत्रण घेऊन कुणी आलं तर त्यानं फाटकाबाहेर उभं राहून पत्रिका मोठ्यानं वाचायची आणि फक्त अक्षता आत द्यायच्या. गावानं आधी हसून घेतलं, मग त्याला ‘रेश्माकाकूंचं सोवळं’ असं नाव पडलं.

आप्पा दुपारी जेवायला येत. न्हाणीघरात अंगावर पाणी घ्यायचं, कपडे बदलायचे, मग ओसरी.

“हात दाखवा,” काकू म्हणायच्या.

“धुतलेत की गं.”

“नखात काळं आहे. वाचत वाचत आलाय वाटेनं.”

“एक पान राहिलं होतं.”

“परत धुवा.”

कधी जेवताना ते काल वाचलेलं सांगत. काकू ऐकत असत. तेवढंच वाचन त्या घरात राहिलं होतं.

०

ओवीनं झालेला प्रकार कारखान्याला लिहून कळवला. लपवण्यासारखं तिला काही वाटलं नाही. शाईमुळे एक फळ कडू झालं, शाई बदलावी, असं तिनं सुचवलं. वरिष्ठांनी अहवाल दोनदा वाचला आणि तिला बोलावून एकच प्रश्न विचारला: “त्या गावात यंदा फवारणी किती झाली?”

आंबरूळमध्ये त्या वर्षी कुणीच फवारणी केली नव्हती. गरज पडली नव्हती. धास्ती घेतलेल्या रोपांच्या पानांना लाल कोळी लागला नाही, मावा आला नाही, बुरशी धरली नाही. जे झाड स्वतःच्या अंगात कडू भरून तयार बसलंय त्याला बाहेरून विष लागत नाही.

पुढच्या हंगामात ‘धास्तीपत्र’ बाजारात आलं. नाव आंबरूळच्याच तोंडचं, कारखान्यानं उचललेलं. पांढऱ्या कागदाच्या एका बाजूला दाट छपाई. ती खाली करून वाफ्यात अंथरायचा. काय छापायचं याला महत्त्व नव्हतं, पण शाई कागदभर सारखी पसरायला मजकूर सोयीचा पडतो, म्हणून छापखान्यांनी हाताशी होते ते जुने धडे, कथा, कविता, कायदे घेतले. टोमॅटोला घातलं, मेथीला घातलं, वांग्याला, द्राक्षाला. वर्षभरात राज्यातली निम्म्याहून जास्त छपाई मातीत तोंड करून पडायला लागली. औषधांचे फवारे बंद झाले. नद्यांमध्ये मासे वाढले. हे सगळं चांगलंच होतं आणि ते नाकारायचं कारण ओवीलाही सापडलं नाही.

भाज्या थोड्या कडवट झाल्या. लोकांनी मीठ-तिखट वाढवलं. घाटातल्या टपऱ्यांवर स्ट्रॉबेरी आता द्रोणात, मीठ आणि मिरचीपूड भुरभुरून मिळू लागली. पाटीवर लिहिलेलं असे, ‘कडसर, बिनफवारणीची’. गाड्यांची रांग लागायची. कुणी थुंकत नव्हतं.

०

काकूंची पट्टी पहिल्या वर्षी काळी, दुसऱ्या वर्षी करडी. रोपाच्या फुटव्याचा फुटवा, त्याचाही फुटवा. किडीसाठी त्या सकाळ-संध्याकाळ एकेक पान उलटून बघायच्या, कारण आसपासच्या रानात खाण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं आणि सगळा मावा यांच्याच ओसरीवर यायचा. हातानं वेचायचा. बारापैकी आठ कुंड्या गेल्या. चार राहिल्या.

तिसऱ्या हिवाळ्यात पट्टी पांढरीच राहिली. काकूंनी दुसरी लावून बघितली, तीही पांढरी. त्यांनी ओवीला निरोप पाठवला.

ओवी आली. तिलाही न्हाणीघरातून यावं लागलं. अंगावर काकूंचं लुगडं होतं आणि ते तिला आखूड पडत होतं. आप्पा ओसरीच्या पायरीवर बसले होते. काकूंनी ताटलीत फळं आणली. लहान, नाजूक सालीची. चार कुंड्यांची मिळून एक ओंजळ.

“आधी तू,” काकू म्हणाल्या. “तू तेव्हा खाल्लेला आहेस.”

ओवीनं एक फळ तोंडात टाकलं आणि डोळे मिटले.

“कसा आहे?”

“गोड,” ती म्हणाली. जरा लवकरच म्हणाली.

“तोच आहे ना?”

“तोच असणार, काकू. पट्टी पांढरी आहे. रस तोच, साखर तीच.” ती शब्द शोधत होती. “फक्त गोड लागतं आणि संपतं. पुढं काही येत नाही.”

“पुढं काय यायचंय?”

त्या दिवशी वाफ्यात ओवीनं न विचारता दुसरं फळ तोडलं होतं. आज ताटली तिच्या समोरच होती.

आप्पांनी एक फळ खाल्लं. मग दुसरं. दुसरं हळूहळू चावलं आणि मान डोलवली. “वा. चौदा नंबर तो चौदा नंबर.” मग ते उठून आत गेले. स्वयंपाकघरात एका बरणीचं झाकण वाजलं. कुठल्या बरणीचं ते काकूंना आवाजावरून कळलं. परत आले तेव्हा त्यांची मूठ मिटलेली होती.

“काय आणलंत?”

“काही नाही गं. सवय लागलीय तिकडची.”

काकूंनी ताटलीतलं सगळ्यात पिकलेलं फळ उचललं. तीन वर्षं त्यांनी चौदा नंबर चाखला नव्हता. फळ धरलं की ते खुडून टाकायच्या, रोपाची ताकद फुटव्यात जावी म्हणून. पण जेवण त्याही बाजारातल्याच भाजीचं जेवत होत्या. मेथी, वांगं, टोमॅटो.

त्यांनी फळ खाल्लं. बराच वेळ चावत राहिल्या. आप्पा आणि ओवी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी गिळलं, ताटलीतल्या उरलेल्या फळांकडे पाहिलं, आणि आप्पांपुढे हात पसरला.

आप्पांनी मूठ उघडून त्यांच्या तळव्यावर चिमूटभर मीठ ठेवलं.

०

हिरडबनात कंपक बसवले त्याच्या आदल्या वर्षी, समितीचा शेरा येईपर्यंत, चौथीची पुस्तकं करड्या शाईत छापून शाळांत पोचली होती. मुलांनी ती वर्षभर वाचली. एकाही शाळेतून तक्रार आली नाही.